रशियन साहित्यावरचा माहितीपट : श्रेयनामावली वाचण्याची रीत

रशियन लेखकांवरचा माहितीपट वाचक मंडळात दाखवायचा असो किंवा त्यावर लिहायचे असो, तो कोणी केला हे आधी नीट पाहून घ्यावे. काही वर्षांपूर्वी एका पत्रकात मी निवेदकालाच दिग्दर्शक ठरवून मोकळा झालो होतो, आणि पत्रके वाटून झाल्यावर एका ज्येष्ठ श्रोत्याने ती चूक दाखवून दिली. तेव्हापासून मी अखेरची नावे माहितीपट थांबवून थांबवून उतरवून घेतो.

उदाहरण म्हणून २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या पीबीएस वाहिनीवर दाखवला गेलेला 'रशियाज ओपन बुक : रायटिंग इन द एज ऑफ पुतिन' घेऊ. जाहिरातीत ठळक दिसतात ते ब्रिटिश अभिनेते स्टीफन फ्राय, परंतु त्यांचे काम निवेदकाचे आहे. दिग्दर्शन पॉल मिचेल आणि सारा वॉलिस या दोघांचे आहे. दिग्दर्शकाचे नाव मिळाले की त्याचे आधीचे काम पाहावे, कारण बऱ्याचदा माहितीपटाचा सूर तिथेच उलगडतो. मिचेल यांनी युगोस्लाव्हियाच्या विघटनावरची १९९५ ची गाजलेली मालिका अँगस मॅक्वीन यांच्यासह दिग्दर्शित केली होती. राजकीय माहितीपटांत मुरलेला माणूस लेखकांकडे वळला, की कादंबरीच्या शैलीपेक्षा लेखकाचे सत्तेशी असलेले नाते पुढे येणार, असा अंदाज बांधता येतो, आणि शीर्षकातले पुतिन यांचे नावही तेच सुचवते.

पुढची पायरी निर्मात्यांची, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची आहे. निर्माता, सहनिर्माता आणि कार्यकारी निर्माता ही पदे सरसकट एक मानू नयेत : कोणी पैसा उभा करतो, कोणी रोजचे चित्रीकरण सांभाळतो, तर कोणी केवळ वाहिनीच्या वतीने मान्यता देतो. नावांखाली येणारी 'यांच्या सहकार्याने' ही ओळ बारीक अक्षरांत असते, पण ती अजिबात सोडू नये. वरचा माहितीपट रशियन साहित्य परदेशी वाचकांपर्यंत नेणाऱ्या 'रीड रशिया' या उपक्रमाशी जोडलेला होता. हे कळल्यावर दिमित्री बिकोव्ह, ल्युदमिला उलित्स्काया, व्लादिमीर सोरोकिन, झाखार प्रिलेपिन, आन्ना स्तारोबिनेत्स आणि मरियम पेत्रोस्यान या सहाच लेखकांची निवड का झाली असावी, हा प्रश्न अधिक नेमका विचारता येतो.

जुन्या चित्रफिती आल्या तर त्या कोणाच्या, हेही शोधावे. टॉलस्टॉय यांच्यावरच्या माहितीपटांत ते स्वतः चालताना दिसतात. त्यातली सुरुवातीची दृश्ये अलेक्सांदर द्रान्कोव्ह यांनी १९०८ मध्ये, टॉलस्टॉय ऐंशी वर्षांचे होत असताना, त्यांच्या यास्नाया पोल्याना या गावच्या घरी टिपली. सोव्हिएत दिग्दर्शिका एस्फिर शुब यांनी १९२८ मध्ये, म्हणजे टॉलस्टॉय यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, झारच्या काळातल्या अशा जुन्या चित्रफिती जोडून एक संपूर्ण चित्रपट रचला. त्यामुळे पडद्यावर 'अभिलेखागार' एवढेच लिहिलेले दिसले, तर मूळ छायालेखकाचे नाव आपणच शोधून नोंदवावे.

मुलाखती ऐकताना कान थोडा वेगळा लावावा लागतो. लेखक रशियनमध्ये बोलू लागतो, दोन-चार शब्द मूळ आवाजात ऐकू येतात आणि त्यावर भाषांतराचा इंग्रजी आवाज चढतो. विनोद, शिवी किंवा अडखळणे त्याखाली झाकले जाते. अनुवादक व संकलक यांची नावे यासाठीच लिहून ठेवावीत. एका वाक्यानंतर चित्र अचानक लेखकाच्या हातांवर किंवा खिडकीबाहेरच्या बर्फावर गेले, तर तिथे उत्तर कापलेले असण्याची शक्यता धरावी.

शेवटी प्रत्येक नावापुढे निर्मितीचे वर्ष टाकावे आणि नंतर काय घडले ते शेजारी नोंदवावे. या सहापैकी प्रिलेपिन पुढे पूर्व युक्रेनमधल्या दोनबास भागात युक्रेनविरुद्ध लढणाऱ्यांच्या बाजूने गेले आणि २०२३ मध्ये त्यांच्या मोटारीत स्फोट झाला, तर बिकोव्ह व उलित्स्काया यांनी रशिया सोडला आणि दोघांनाही तेथील सरकारने 'विदेशी हस्तक' ठरवले. २०१३ मध्ये हे सहाही जण एकाच माहितीपटात होते, याची नोंद माझ्या वहीत त्या वर्षाच्या आकड्याखाली दोन रेघा ओढून केलेली आहे.