हरिहरेश्वरची घळ आणि समुद्रकडे : ओहोटी साधून प्रदक्षिणा कशी करावी

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, श्रीवर्धन तालुक्यात, सावित्री नदी समुद्राला मिळते त्या मुखाच्या उत्तरेस हरिहरेश्वरचा डोंगर थेट पाण्यात उतरतो. बहुतेक लोक येथे देवदर्शनासाठी येतात, दर्शन झाल्यावर किनाऱ्यावर थोडे हिंडतात आणि परततात. मंदिरामागून डोंगर चढून, कड्यांमधल्या घळीतून समुद्रपातळीवर उतरून, खडकांवरून वळसा घालत पुन्हा मंदिराशी येणारी जी प्रदक्षिणेची वाट आहे, ती अनेकांच्या वाट्याला येतच नाही, कारण ते पोहोचतात तेव्हा भरती असते. मी स्वतः पहिल्यांदा गेलो तो दिवस पौर्णिमेचा होता. भर दुपारी पायऱ्या उतरून खाली आलो, तर ज्या खडकावरून पुढे जायचे तो पाण्याखाली गेलेला होता आणि घळीत शिरणारी प्रत्येक लाट पायऱ्यांपर्यंत फेस उडवत होती. तासभर वर बसून आलो तसा परतलो. त्या दिवशी चूक समुद्राची नव्हती, कॅलेंडर न पाहता निघणाऱ्याची होती. म्हणून या ठिकाणी कसे जावे हे सांगताना रस्त्याच्या आधी भरती-ओहोटीचे गणित सांगणे मला आवश्यक वाटते.

कोकणात हे गणित तिथीवरून करतात आणि ते कोणालाही पाठ करता येण्याइतके सोपे आहे. शुद्ध किंवा वद्य पक्षातील तिथीचा अंक घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीन या सुमारास भरती. त्याच्या आधी किंवा नंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे चतुर्थीला सकाळी नऊच्या आसपास आणि पुन्हा रात्री. हा हिशेब अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, त्यामुळे निघण्यापूर्वी त्या दिवसाचे भरतीचे वेळापत्रक पाहून किंवा मुक्कामाच्या घरी विचारून खात्री करावी. मात्र महिनाभर आधी सुटीचा दिवस ठरवताना ही पाऊणपट फार उपयोगी पडते.

केवळ ओहोटीची वेळ सोयीची असून भागत नाही, पाणी किती खाली जाते हेही महत्त्वाचे असते. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बारा वाजता येते, पण तो भांगाचा काळ असल्यामुळे भरती फारशी चढत नाही आणि ओहोटीही फारशी उतरत नाही, त्यामुळे खडकांचा खालचा भाग ओलाच राहतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते आणि पाणी खूप खाली जाते, परंतु तेव्हाची ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी, सूर्य मावळण्याच्या सुमारास येते, जी वेळ अनोळखी खडकांवर फिरण्याची नव्हे. उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतो हे लक्षात घेतले, तर तृतीया आणि चतुर्थी हे दिवस सर्वांत चांगले ठरतात : पाणी बऱ्यापैकी खाली गेलेले असते, ओहोटी सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान येते आणि खडक तापलेले नसतात. संकष्टीच्या दिवशी सकाळी पुष्कळदा तृतीयाच चालू असते आणि चतुर्थी नंतर लागते, म्हणून संकष्टीची सकाळही या हिशेबात चपखल बसते. घळीतल्या गणपतीचे दर्शन ओहोटीतच होते हे पाहता हा योग मला नेहमीच गमतीचा वाटत आला आहे.

याउलट महाशिवरात्रीला येथे मोठी गर्दी होते आणि गर्दीचा ओघ असतो सकाळी, नेमक्या भरतीच्या वेळी, कारण त्रयोदशी-चतुर्दशीची पाऊणपट पावणेदहा ते साडेदहा येते. त्या दिवशी यायचे असेल तर सकाळी दर्शन घ्यावे आणि प्रदक्षिणा दुपारी साडेतीन-चारनंतर करावी.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा. मार्चपासून दुपारचे खडक पायाला चटके देऊ लागतात. जूनपासून पाऊस ओसरेपर्यंत खालच्या वाटेचा विचारच करू नये. पावसाळ्यात ओहोटी असली तरी लाटा कड्याच्या पायथ्याच्या सपाट खडकावर चढतात आणि पायऱ्यांवर शेवाळ धरते. त्या दिवसांत मंदिर पाहावे, कडे वरून पाहावेत आणि खाली उतरू नये.

मुंबईहून राष्ट्रीय महामार्ग ६६ ने पनवेल, पेण करत माणगावला यावे आणि तेथून म्हसळामार्गे हरिहरेश्वर गाठावे. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून निजामपूरमार्गे माणगाव येते, पुढचा रस्ता तोच. रेल्वेने येणाऱ्यांसाठी कोकण रेल्वेचे माणगाव स्थानक सोयीचे आहे. हाताशी वेळ असेल तर मुरूडजवळच्या आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरावे आणि दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन असे किनाऱ्याकिनाऱ्याने यावे. शेखाडीच्या आसपास रस्ता समुद्राला इतका बिलगून जातो की पुढे पाहायच्या कड्यांची ओळख गाडीतूनच होते. कोणत्याही मार्गाने आलात तरी सकाळी नऊची ओहोटी साधायची असेल तर आदल्या रात्री गावात मुक्काम करणे शहाणपणाचे आहे. पहाटे शहरातून निघून, घाटात अडकून, अकरा वाजता धावतपळत खडकांवर उतरणारेच सहसा अडचणीत येतात. गावात महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे आणि घरगुती निवासाची सोयही पुष्कळ आहे. जेवण मात्र आधी सांगून ठेवावे, कारण घरगुती खानावळीत माणसे मोजून स्वयंपाक होतो.

येथील रीत अशी की, आधी काळभैरवाचे दर्शन घ्यायचे, मग हरिहरेश्वराचे आणि पुन्हा काळभैरवाचे. हरिहरेश्वर हे पेशव्यांचे कुलदैवत, त्यांचे मूळ घराणे शेजारच्या श्रीवर्धनचे, आणि मंदिराचा जीर्णोद्धार १७२३ मध्ये थोरल्या बाजीरावांनी केल्याचे सांगितले जाते. सकाळी ओहोटी लवकर असेल तर दर्शनाच्या रांगेत वेळ न घालवता आधी प्रदक्षिणा उरकावी. देव तेथेच असतो, पाणी थांबत नाही.

वाट मंदिराच्या मागून सुरू होते. प्रदक्षिणेच्या नियमाप्रमाणे डोंगर उजव्या हाताला ठेवून चालायचे. सुरुवातीला पायऱ्यांचा चढ आहे, तो संपल्यावर समुद्राचा वारा एकदम अंगावर येतो आणि तेथून वाट उतरू लागते. या उतारावर दोन्ही बाजूंचे कातळ जवळ येतात आणि त्यांच्या फटीतून खाली समुद्राचा एक उभा पट्टा दिसतो. येथे दहा मिनिटे थांबावे. पायाला विश्रांती मिळते हे खरेच, पण मुख्य काम असते खाली पाहण्याचे. लाटा एकसारख्या नसतात. लहान लाटांमागून मोठ्या लाटांचा एखादा गट येतो आणि तो पाहायचा तर निदान दहा मिनिटे समुद्राकडे बघत राहावे लागते. त्या गटातली सर्वांत मोठी लाट कोणत्या खडकापर्यंत पोहोचते ते ध्यानात ठेवून आपली मर्यादा तिच्याही बरीच वर आखून घ्यावी.

याच भागात गणेश गल्ली म्हणून ओळखली जाणारी घळ आहे. डोंगर दुभंगल्यासारखी ही चीर सुमारे ३ फूट रुंद आणि ३० फूट खोल असल्याचे सांगतात, आणि पाणी उतरले की तिच्यात गणपतीची मूर्ती दिसते. दख्खनच्या बेसाल्टचे थर सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे आहेत. तो थिजताना आणि पुढे भूहालचालींमुळे त्यात उभ्या भेगा पडल्या. अशा भेगेत लाट आपटते तेव्हा आतली हवा दाबली जाते, लाट मागे सरताच ती एकदम सुटते, आणि हे अखंड चालत राहिल्याने खडक भेगेच्या रेषेत खिळखिळा होऊन निखळतो. घळ याच रीतीने खोल होत जाते. घळीतला धोकाही त्यातूनच येतो. मोकळ्या खडकावर पसरून जाणारे पाणी येथे दोन भिंतींमध्ये कोंडले जाते, त्यामुळे बाहेर गुडघाभर वाटणारी लाट आत कमरेच्या वर चढू शकते. मूर्ती पाहण्यासाठी आत वाकताना बरोबरच्या एकाने तोंड समुद्राकडे करून उभे राहावे, आणि सगळ्यांनी एकाच वेळी आत शिरू नये.

घळ ओलांडून खाली आले की कड्याच्या पायथ्याशी रुंद, जवळजवळ सपाट खडकाळ पट्टा लागतो. शाळेच्या भूगोलात ज्याला तरंगघर्षित मंच म्हणतात तो हाच. लाटा कड्याचा पायथा पोखरतात, वरचा आधारहीन भाग कोसळतो, कडा मागे हटतो आणि त्याच्या जागी हा मंच उरतो. पुस्तकातली ही आकृती येथे पायाखाली आणि डोक्यावर एकाच वेळी पाहायला मिळते. कड्याच्या अगदी बुडाशी मात्र सावलीसाठी बसू नये. कोसळणे ही केवळ भूतकाळातली गोष्ट नाही.

या मंचावर माझा सर्वांत जास्त वेळ जातो तो जाळीदार खडकांपाशी. कड्याच्या काही भागांवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी खळग्यांची नक्षी आहे, खळग्यांमधल्या भिंती बोटाएवढ्या जाड, काही त्याहूनही पातळ. लाटांचे तुषार खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतात, पाणी उन्हाने उडून जाते आणि मिठाचे स्फटिक वाढताना खडकाचा कण कण सुटा करतात. एखाद्या खळग्यात बोट फिरवले तर टोकाला बारीक रवाळ भुकटी लागते. बोट फिरवावे, पण भिंतींवर पाय देऊन चढू नये आणि त्यावर नावे कोरू नयेत. वाटेवर गायत्री तीर्थ, शुक्ल तीर्थ, विष्णुपद अशी ठिकाणे आहेत. त्यांतल्या काही जागी पितरांचे विधी चालतात. तेथे कॅमेरा खिशात ठेवून बाजूने जावे, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

पादत्राणांबद्दल थोडे अधिक लिहितो. पुष्कळ भाविक अनवाणी प्रदक्षिणा करतात; सवय असेल तर जरूर करावी. इतरांनी मागे पट्टा असलेली, रबरी तळव्याची, भिजली तरी चालणारी सँडल घालावी. कातडी चप्पल आणि गुळगुळीत तळव्याचे बूट येथे निरुपयोगी आहेत. हिरवे शेवाळ जितके घसरते त्याहून काळपट, ओला, स्वच्छ दिसणारा खडक जास्त फसवतो. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, त्यामुळे तोल गेल्यावर हात टेकला तर तळहात कापतो. एक साधा नियम पाळावा : कोरडा, फिकट खडक आपला, ओला आणि गडद खडक समुद्राचा.

वेळेचा हिशेब असा ठेवावा. ओहोटीच्या पूर्ण वेळेआधी सुमारे दीड तास उतरायला सुरुवात करावी आणि पाणी फिरल्यानंतर तासाभरात मंच सोडलेला असावा. पाणी फिरल्यावर पहिल्या तासात ते एकूण चढाच्या फक्त बाराव्या भागाइतके वाढते, दुसऱ्या तासात दोन भाग, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन भाग. त्यामुळे पहिल्या तासाच्या संथपणावरून अंदाज बांधणारा माणूस तिसऱ्या तासात कोंडला जातो. संपूर्ण फेरी तासाभराची आहे, रेंगाळत पाहिले तरी दोन तास पुरतात. परत वळायचा रस्ता पाण्याखाली जाण्यापूर्वीच पुढे जायचे की मागे, हे ठरवावे.

समुद्राकडे पाठ करून छायाचित्र काढण्याच्या नादात लाटेने ओढून नेल्याच्या घटना या खडकांवर घडल्या आहेत. कोणी पाण्यात पडलेच तर मागोमाग उडी घेऊ नये. झाकण घट्ट लावलेली रिकामी पाण्याची बाटली, पाठीवरची रिकामी केलेली पिशवी, ओढणी, जे हाताशी असेल ते फेकावे, बुडणाऱ्याला खडकापासून थोडे दूर तरंगत राहायला सांगावे, कारण लाट खडकावर आपटते तेथेच सर्वाधिक इजा होते, आणि ११२ वर फोन करून गावातल्या माणसांना हाक द्यावी. नदीमुख जवळ असल्याने येथे प्रवाह आडवे वाहतात. म्हणून मंचावरून पोहायला उतरणे हा विषयच नाही.

फेरी संपली की दुपार मोकळी असते. ज्यांना कडे दुरूनही पाहायचे आहेत त्यांनी जवळच्या बागमांडल्याला जाऊन फेरीबोटीने सावित्री ओलांडावी. गाडीसह पलीकडे वेसवीला, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात उतरता येते. महाबळेश्वरला उगम पावलेली नदी येथे समुद्राएवढी रुंद झालेली असते. वेसवीहून बाणकोटचा हिंमतगड जवळ आहे. इंग्रजांनी हा किल्ला घेतल्यावर त्याला फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले होते. तटावरून उत्तरेला पाहिले की सकाळी ज्याला वळसा घातला तो डोंगर पूर्ण दिसतो, आणि भरती चढलेली असेल तर आपण चाललो तो मंच नाहीसा झालेला असतो. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गेलात तर पुढे वेळासला कासवांची पिल्ले समुद्रात सोडतात, तेही पाहता येईल. परतीची शेवटची बोट कितीची आहे, ते मात्र अलीकडच्या धक्क्यावर तिकीट काढतानाच विचारून घ्यावे.