ओल्या वाळूत ट्रायपॉड रोवताय? जरा थांबा

सूर्य बुडाला की किनाऱ्यावरचे निम्मे ट्रायपॉड मिटतात आणि मंडळी भजीच्या गाडीकडे वळतात. उरलेल्यांचे ट्रायपॉड तोवर वाळूत रुतत असतात. दर सहलीत हेच बघतो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी वाळू. काही वर्षांपूर्वी हर्णैला होतो. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, मागे मासळीचा लिलाव रंगात आलेला. किल्ल्याचं प्रतिबिंब हवं म्हणून मी अगदी पाण्याच्या कडेला ट्रायपॉड उभा केला. एफ ११ (भिंगाचं छिद्र; आकडा मोठा तितकं ते बारीक), आयएसओ १०० (उजेडाची संवेदनशीलता), शटर ३० सेकंद उघडं. जाळं आवरणारे एक काका म्हणाले, "दादा, पाणी भरतंय, तिपाई मागे घ्या." मी हसून मान हलवली. अठरा फोटो काढले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळे झकास. रात्री खोलीवर लॅपटॉपवर मोठे करून पाहिले, तर एकूण एक फोटोत तटबंदीला दोन-दोन कडा! परतणारी प्रत्येक लाट पायांखालची वाळू ओढून नेते आणि ट्रायपॉड केसभर खचतो. केसभर खचणंही पुरेसं असतं.

तेव्हापासून मी सगळ्यात खालची नळी वीतभर बाहेर काढतो, म्हणजे लॉकमध्ये वाळू जात नाही. पाय थोडे मिटलेले ठेवून अंगाचा भार देत रोवतो (पूर्ण उघडून दाबले तर फाकतात), दोन लाटा जाऊ देतो आणि मगच शटर. त्या वेळात स्वतःही जागचा हलत नाही. जांभ्याचा कातळ मिळाला तर वाळूकडे बघतही नाही, पण कातळावर जायचं ते ओहोटी असेल तरच.

काकांचं ऐकलं असतं तर कळलं असतं की त्या दिवशी अष्टमी होती. कोकणातला जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीला सहा, म्हणजे ऐन संध्याकाळी पाणी चढलेलं. पुनवेला किंवा अवसेला सव्वाअकराच्या पुढे, म्हणजे संध्याकाळी ओहोटी आणि प्रतिबिंबाला लांबलचक ओली वाळू. मोबाइलवर भरतीचं कोष्टक मिळतं, तेही बघा. हॉटेल बुक करताना तिथी कोण बघतो म्हणा.

दुसरी चूक घाईची. आपल्याकडे सूर्यास्तानंतर जेमतेम २०-२५ मिनिटं आकाश निळं राहतं, आणि खरा फोटो त्यातच असतो. तेव्हा एफ ८ वर सहज १०-१५ सेकंद मिळतात. हजारपट उजेड अडवणारा एनडी फिल्टर लावून अंधारात चाचपडणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. काढा तो. उजेड भराभर उतरतो, तेव्हा दर दोन-तीन फोटोंनंतर शटरची वेळ वाढवत राहा. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब वेळेच्या फोटोतले ठिपके पुसणारी कॅमेऱ्यातली सोय) मी बंदच ठेवतो: ३० सेकंदांच्या फोटोमागे आणखी ३० सेकंद कॅमेरा अडकून बसतो, मग त्या २५ मिनिटांत उरतं काय?

आणि ते ३० सेकंदांचं वेड! नवशिक्यांना वाटतं, जितका वेळ जास्त तितका फोटो भारी. लाटांचं ताक होतं नुसतं. मला परतणाऱ्या पाण्याच्या रेघा आवडतात, त्या अर्ध्या ते दोन सेकंदांत मिळतात. नांगरलेली होडी तर डोलतच असते. ३० सेकंदांत किल्ला खणखणीत येईल, होडीचं भूत होईल. होडी हवी असेल तर आयएसओ वाढवा, वेळ कमी करा.

बाकी किरकोळ. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद. बोटाने शटर दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा. उजेड असतानाच फोकस करून मॅन्युअलवर टाका. मधली दांडी वर चढवू नका. वाऱ्यात फडफडणारा गळ्यातला पट्टा काढून ठेवा. एफ २२ ने फोटो मऊ पडतो.

परतल्यावर, जेवणाआधी, ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवा. सकाळी बघू म्हणून मी एकदा गाडीत तसाच ठेवला होता. पुढच्या सहलीला लॉक पक्कडीने उघडावं लागलं.