जुनी एमजीबी घरी उभी करताना

जुनी स्पोर्ट्‌स कार उघडायला अक्कल लागत नाही. पाने, हातोडी आणि हौस एवढ्यावर भागतं. सीट बाहेर, इंजिन बाहेर, दारं भिंतीला टेकवलेली, सगळं खोक्यांत भरलेलं. आणि मग ती खोकी वर्षानुवर्षं तशीच पडून राहतात. ‘सगळे पार्ट आहेत, फक्त जोडायचं बाकी’ अशा जाहिराती वाचल्या असतील तर मी काय म्हणते ते कळेल. म्हणून माझा एकच आग्रह आहे: गाडी एकदम उघडू नका. एका वेळी एकच काम घ्या, ते संपवा, मग पुढचं. काहीही झालं तरी गाडी ढकलता आली पाहिजे.

मी दिवसभर हिशेब तपासते, त्यामुळे वही ठेवायची खोड आहेच. तीच इथे कामाला येते. प्रत्येक बोल्ट काढायच्या आधी फोटो, काढल्यावर छोटी पिशवी, पिशवीवर नंबर, वहीत तोच नंबर आणि पुढे एक ओळ: कुठून निघाला, वायसर कोणत्या बाजूला होता. ‘लक्षात राहील’ असं वाटतं. राहत नाही.

पहिल्यांदाच हात घालणार असाल तर एमजीबी घ्या, १९६२ ते १९८० या काळातली ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार. पाच लाखांहून जास्त बनल्या, सुटे भाग आजही नवे मिळतात, आणि १९८८पासून तर मूळ साच्यांवर काढलेली अख्खी नवी बॉडीसुद्धा मिळू लागली. इंजिन १७९८ सीसीचं, साधं, लोखंडी, समजायला सोपं. दुर्मिळ गाडी घेऊन एका काचेच्या पट्टीसाठी जग धुंडाळण्यात मला तरी मजा वाटत नाही.

इंजिन बघायला सगळेच धावतात. तुम्ही आधी गुडघ्यावर बसा आणि दाराखाली बघा. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही; बॉडी हीच चासी. त्यात उघड्या मॉडेलला छप्पर नाही, म्हणजे पुढचा आणि मागचा भाग धरून ठेवायचं काम मुख्यतः दाराखालचे दोन सिल, म्हणजे पत्र्याच्या लांबट पोकळ पेट्या, करतात. सिल कुजले की गाडी मधोमध वाकते. चुंबकाला पातळ फडकं गुंडाळून सिलवरून फिरवा. जिथे तो पकड सोडतो तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग दाराच्या मागच्या कडेची फट बघा, वर किती आणि खाली किती. मी त्यासाठी ड्रिल बिटची मागची गुळगुळीत बाजू वापरते. चार मिलिमीटरचं बिट वर सहज जातं आणि खाली अडतं, असं असेल तर नोंद करा. आता जॅकने गाडीची एक बाजू थोडी उचला आणि तीच फट पुन्हा मोजा. फट बदलली, दार घासायला लागलं, की सिल फक्त दिसायला आहे.

सिल बदलणं हे या सगळ्या कामातलं खरं काम. बाहेरून दिसतो तो एक पत्रा. आत अजून दोन असतात, मधला उभा आणि आतला. जुन्या कुजक्या सिलवर नवा पत्रा चढवून रंग मारण्याची पद्धत फार चालते. ती दुरुस्ती नव्हे, गंजाला घातलेली टोपी आहे. नीट करायचं तर कापत कापत चांगल्या पत्र्यापर्यंत जा.

कापण्याआधी गाडी सपाट जागेवर चाकांवर उभी करा, किंवा सस्पेन्शनच्या अगदी जवळ स्टँड लावा, म्हणजे वजन नेहमीसारखंच पडेल. मधोमध स्टँड लावून सिल कापलात तर बॉडी वाकेल आणि तुम्ही ती वाकलेल्या आकारातच वेल्ड कराल. दाराच्या चौकटीत, बिजागरीच्या खांबापासून कडीच्या खांबापर्यंत, लोखंडी पट्टीचा आडवा आधार टाका. एका वेळी एकच बाजू. नवा सिल आधी क्लॅम्पने धरा, आधार तात्पुरता सोडा, दार लावून फट मोजा, आधार परत घाला, मगच टाके. टाके सलग नको. एक इथे, पुढचा लांब, नाहीतर उष्णतेने पत्रा पिळवटतो.

वेल्डिंग येत नसेल तर लाजू नका. कापणं, घासणं, मापं घेणं तुम्ही करा. टाके कसलेल्या हाताला घालू द्या. फक्त त्याआधी बॅटरी, सीट, कार्पेट आणि पेट्रोलची टाकी काढलेली हवी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक, कारण आत वाफ असते. टाकीला घरी वेल्डिंग कधीच नाही. आणि क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागेवर वेल्डिंग करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

नट-बोल्टबद्दल थोडं. या गाडीचे बहुतेक आटे इंची आहेत. अर्ध्या इंचाच्या नटाला तेराचा पाना बसतो खरा, पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर; त्या उरलेल्या जागेत गंजलेल्या नटाचे कोपरे गोल होतात. इंची पाने घ्याच. न निघणाऱ्या बोल्टवर तेल सोडा आणि दुसरं काम करा. उद्या परत तेल. मग उष्णता. काढताना आधी किंचित आवळा, मग सोडा. घाईत तुटलेला बोल्ट ड्रिल करून काढायला पूर्ण दिवस जातो.

जाम इंजिनालाही हाच न्याय. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरचं तेल थोडं थोडं ओता आणि थांबा. मग टॉप गिअर टाकून गाडी हाताने पुढेमागे हलवा, हळूच. ओढून चालू करायचा मोह आवरा. फिरायला लागलं की नवं ऑइल आणि फिल्टर घाला, आणि प्लग बाहेर ठेवूनच स्टार्टर मारा, ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत. नंतर कॉम्प्रेशन बघा. एका सिलिंडरचं कमी आलं तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा बघा: वाढलं तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, नाही वाढलं तर बहुधा व्हॉल्व्हचा.

वायरिंगला लोक उगाच घाबरतात. लुकास या ब्रिटिश कंपनीचे वायरचे रंग पाठ करा: तपकिरी म्हणजे कायम करंट, पांढरी चावी फिरवल्यावर, हिरवी चावीनंतर फ्यूजमधून, जांभळी कायम पण फ्यूजमधून, काळी अर्थ, म्हणजे बॉडीला जोडलेली. १९६७पूर्वीच्या गाड्यांत अर्थ पॉझिटिव्हला आहे, हे बॅटरी लावण्याआधी तपासा. आधीच्या कुणी बदललेलंही असू शकतं. पहिल्यांदा बॅटरी जोडताना अर्थच्या केबलमध्ये २१ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावा आणि सगळे स्विच बंद ठेवा. बल्ब लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. वायर जळण्याऐवजी बल्बने सांगितलं. एकेक फ्यूज काढत जा. गूढ वाटणारे निम्मे बिघाड गंजलेल्या अर्थचे निघतात, तेव्हा आधी ते घासा.

ब्रेकमध्ये काटकसर नाही. रबरी नळ्या बाहेरून छान दिसतात आणि आतून फुगून बंद झालेल्या असतात. सगळ्या नव्या घाला. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून धूळ हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. ब्रेक फ्लुइड रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

रंग शेवटी. हार्डनर मिसळायच्या दोन भागांच्या, म्हणजे टू-के रंगात आयसोसायनेट हे घातक रसायन असतं आणि साधा मास्क त्यापुढे पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो. मी घासण्यापर्यंतचं काम करते आणि फवारा दुसऱ्याकडे देते. रंग वाळला की सिलच्या पोकळीत मेण मारायला विसरू नका.

इंजिन सुरू होईना तर सिलिंडरमध्ये ठिणगी पडायचा क्रम बघा: १-३-४-२, एक नंबर रेडिएटरच्या बाजूचा. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. नवा कॅमशाफ्ट घातला असेल तर सुरू होताच वेग दोन हजारांच्या आसपास धरून वीसेक मिनिटं चालवा, मंद सोडू नका. त्याला झिंकवालं ऑइल लागतं. हेड काढलं असेल तर गरम होऊन पूर्ण थंड झाल्यावर नट ठरलेल्या क्रमाने पुन्हा आवळा, आणि त्यानंतरच टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट बघा, ०.०१५ इंच, थंड इंजिनावर.