सेंद्रिय गटातून मुदतीआधी बाहेर पडताना

मी भांडुपला राहतो, शेत माणगावला. सेंद्रिय शेतीसाठीच्या सरकारी परंपरागत कृषी विकास योजनेच्या गटात होतो, 3 वर्षांसाठी. दुसऱ्याच वर्षी आई आजारी पडली, शेत खंडाने द्यावं लागलं. घेणारा युरिया टाकणार, हे त्याने स्पष्टच सांगितलं.

गप्प राहिलो असतो तर गटाच्या पीजीएस (सहभागी हमी पद्धतीच्या) सेंद्रिय प्रमाणपत्रावर आलं असतं. तिथे शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात, बराचसा भरवसा शब्दावर. म्हणून खताची पहिली गोण येण्याआधीच गटप्रमुखदादांना लेखी कळवलं. सातबारा जोडला, अनुदानाचा पुढचा हप्ता नको असंही लिहिलं आणि तालुका कृषी कार्यालयातून पोच घेतली. शेजारच्या काकांचं शेत अजून सेंद्रिय आहे. त्यांच्या बांधालगत मोकळी पट्टी सोडायची, हे खंडाच्या कागदातच घातलं.