भूल देताना हातमोज्यांवर विसंबू नका

भूलशास्त्राच्या प्रशिक्षणाला येणाऱ्यांना हात कसे धुवावेत हे शिकवावे लागत नाही; जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले हातस्वच्छतेचे पाच क्षण बहुतेकांना पाठ असतात. मात्र भूल देण्याच्या मोजक्या मिनिटांत हे सारे क्षण एकदमच येतात, आणि मला सर्वांत जड गेले ते तिथेच.

श्वासनलिकेत नळी घालताना मोज्यांना रुग्णाची लाळ लागते. नळी बसताच छाती तपासायची असते, व्हेपोरायझरचा (श्वासातून भुलीचे औषध देणाऱ्या उपकरणाचा) डायल फिरवायचा असतो, पुढचे औषध द्यायचे असते, आणि हे सारे त्याच मोज्यांनी उरकले जाते. ती लाळ यंत्रावर, मॉनिटरवर, औषधांच्या ट्रॉलीच्या खणावर आणि शेवटी थ्री-वेवर, म्हणजे शिरेतून औषध देण्याच्या नळीवरील तोटीवर, पोहोचते. तिथून पुढचा मार्ग थेट रक्तात जातो. मोज्याच्या आतला हात कोरडा असल्यामुळे घालणाऱ्याला मात्र काहीच जाणवत नाही. म्हणून नळी घालण्यापूर्वी दुहेरी मोजे घालावेत आणि नळी बसताच, यंत्राला स्पर्श करण्याआधी, वरचा जोड काढून टाकावा. वापरलेल्या लॅरिंगोस्कोपसाठी (नळी घालताना घसा दिसावा म्हणून वापरायच्या पात्याच्या उपकरणासाठी) वेगळा ट्रे आधीच मांडून ठेवावा. पात्याइतकीच त्याची मूठही दूषित असते. रुग्ण स्थिरावला की आतले मोजेही काढून अल्कोहोलचे द्रावण हातांना चोळावे. त्याला २० ते ३० सेकंद लागतात, त्यामुळे आपण संथ ठरू ही भीती बाळगू नये. बाटली हाताशी असली की काही आठवड्यांत सवय जडते.

सुई बदलून तीच सिरिंज दुसऱ्या रुग्णासाठी वापरणे हा शुद्ध अपराध आहे, मग तो मार्ग कितीही अनुभवी वरिष्ठाने दाखवलेला असो. (वरिष्ठांच्या व्याख्यानांपेक्षा त्यांच्या हातांकडे पाहावे, असे माझे मत आहे.) प्रोपोफॉल या शिरेतून देण्याच्या भुलीच्या औषधाच्या बाबतीत तर अधिकच काटेकोर राहावे, कारण त्या स्निग्ध द्रवात जिवाणू झपाट्याने वाढतात, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील अनेक रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतर उद्भवलेल्या संसर्गांचा संबंध त्याच्या निष्काळजी हाताळणीशी जोडला गेला होता. व्हायलचे रबरी झाकण ७० टक्के अल्कोहोलने पुसून वाळू द्यावे आणि सिरिंजमध्ये भरलेले औषध ६ तासांच्या आत वापरावे, अन्यथा टाकून द्यावे.

पाठीच्या कण्यातून भूल देताना मास्क अनिवार्य समजावा, कारण तोंडातील स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू मेंदूज्वरास कारणीभूत ठरू शकतात. हा नियम सुई धरणाऱ्याइतकाच शेजारी उभे राहून सूचना देणाऱ्यालाही लागू आहे.