सर्दीच्या गोळीवर तापाची गोळी? आधी स्ट्रिप उलटून बघा

निफाडकडची थंडी नाशकात उतरली की मेडिकलच्या काउंटरवर एकच मागणी: "सर्दीचं काहीतरी द्या." मिळते ती बहुतेकदा मिश्र गोळी. तिच्यात नाक मोकळं करणारं फिनाइलएफ्रिन, शिंका आवरणारं क्लोरफेनिरामिन आणि बऱ्याचदा पॅरासिटामॉलही असतं. त्यावर अंग कसकसतंय म्हणून घरातली डोलो ६५० घेतली, की पॅरासिटामॉल दोनदा पोटात.

म्हणून स्ट्रिपच्या मागची घटकांची यादी वाचा. अक्षरं इतकी बारीक की मोबाइलवर फोटो काढून मोठा करावा लागतो! धडधाकट मोठ्या माणसासाठी २४ तासांत सगळं मिळून ४००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल ही कमाल मर्यादा, आणि तिथवर जायची गरज सहसा पडत नाही. गरम पाण्यात विरघळवायची पावडर, सिरप हेही या हिशेबात धरा. यकृताचा त्रास असेल किंवा रोज दारू होत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. बीपी, काचबिंदू, प्रोस्टेटवाल्यांनीही.

क्लोरफेनिरामिनने झोप येते. सातपूर-अंबडला मशीनवर उभं राहायचं असेल किंवा हायवेला गाडी काढायची असेल, तर ही गोळी नको.

चार वर्षांखालच्या मुलांना क्लोरफेनिरामिन-फिनाइलएफ्रिनचं मिश्रण देऊ नये, असा इशारा लेबलवर छापण्याचे आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये दिलेत. मोठ्यांची गोळी अर्धी करून तर नकोच नको.

पॅरासिटामॉल जास्त गेल्याचं लक्षात आलं, तर बरं वाटत असलं तरी लगेच दवाखाना गाठा. यकृताची इजा सुरुवातीला जाणवत नाही.