शेड उभारायला शिकताना आधी वारा बघा

फॅब्रिकेशनच्या कामाला नवीन आलेली पोरं विचारतात, "शेडवर वजन किती येणार?" निफाडकडच्या एका कांदाचाळीवर मीही हेच विचारलं होतं. मे महिन्यात वळवाचं वादळ झालं आणि वळचणीचे पाच पत्रे शेजारच्या द्राक्षबागेत जाऊन पडले. कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) आणि पर्लिन (पत्रे ज्यांवर बसतात त्या आडव्या पट्ट्या) जागच्या जागी होत्या. आम्ही वळचणीलाही मधल्यासारखेच लांब लांब स्क्रू मारले होते. पाख्यावरून जाणारा वारा पत्रा वर ओढतो आणि ही ओढ कडांना, कोपऱ्यांना सगळ्यात जास्त. एक बाजू उघडी असेल तर आत शिरलेला वारा खालूनही रेटतो. तेव्हापासून वळचण, आढं आणि दोन्ही टोकांना मी प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू मारतो. शेड हलकं म्हणून पाया लहान चालेल, असं मालक हमखास म्हणतात. त्यांना समजावून सांगा: हलकं शेड उडू पाहतं, म्हणूनच पाया जड लागतो.

आपल्याकडे पावसाळी वारा बहुतेक पश्चिम-नैऋत्येचा. म्हणून पत्रे पूर्वेच्या टोकाकडून लावत पश्चिमेला यायचं, म्हणजे सांध्याचं तोंड वाऱ्याकडे राहत नाही. उतारावर वरचा पत्रा खालच्यावर निदान 150 मिमी चढवा. स्क्रू सरळ बसवा, वायसरचं रबर किंचित दबेल इतकाच आवळा. रबर फाटलं की पहिल्या पावसात गळती. पत्रा ग्राइंडरने कापू नका; ठिणग्यांतले लोखंडाचे कण चिकटतात आणि तिथेच गंज धरतो. ड्रिलचा कीस रोज संध्याकाळी झाडून टाका.

सायलोचं, म्हणजे धान्य साठवायच्या पत्र्याच्या उंच गोल कोठीचं, काम मी बरंच नंतर शिकलो आणि मला ते फार आवडलं. तिथे बांधणी उलटी. छप्पर आणि सगळ्यात वरचं कडं जमिनीवरच जोडायचं, जॅकने उचलायचं, त्याखाली पुढचं कडं बोल्टने बसवायचं. तळाचा जाड पत्रा सगळ्यात शेवटी येतो, म्हणून माल उतरवतानाच जाडीप्रमाणे थप्प्या लावा. धान्य भिंतीला बाहेर दाबतं, शिवाय घासत खालीही ओढतं. तो भार उभ्या पट्ट्या घेतात. उपसा सुरू करायचा तो तळाच्या मधल्या तोंडातून. आधी बाजूचं तोंड उघडलं तर दाब एकीकडचा कमी होतो आणि भिंत वाकते.

उपसा चालू असताना आत कुणालाही उतरू देऊ नका. वाहतं धान्य माणसाला काही सेकंदांत कमरेपर्यंत खेचतं, आणि मग त्याला स्वतःहून निघता येत नाही.